सगळ्यांना एकच नियम, मग भेदभाव कुठे झाला?

निर्झरा

गेले चार दिवस डोक्यात एकच गोष्ट घोळतेय, म्हणून इथे लिहितेय. वकील, एचआरमधले, कुणीही माहीतगार असेल त्यांनी कृपया सांगा.

माझा धाकटा भाऊ कर्णबधिर आहे. श्रवणयंत्र लावतो, समोर बसलेल्या माणसाचे ओठ वाचून व्यवस्थित बोलतो. फोनवर मात्र त्याला नुसती खरखर ऐकू येते. एका खासगी कंपनीत डेटा तपासणीच्या जागेसाठी त्याने अर्ज केला. ऑनलाइन लेखी परीक्षेत पहिल्या पाचात आला. पुढची फेरी होती फोनवरच्या मुलाखतीची. त्याने त्याच दिवशी मेल केला की मला फोनवर ऐकू येत नाही, मी प्रत्यक्ष येतो, किंवा चॅटवर प्रश्न विचारा, व्हिडिओ कॉलवर सबटायटल सुरू केली तरी चालेल. उत्तर आलं दोन ओळींचं: निवडप्रक्रिया सर्व उमेदवारांसाठी समान आहे, एकाला सवलत दिली तर इतरांवर अन्याय होईल.

झालं. आई म्हणते सोडून दे, दुसरीकडे मिळेल. भाऊ काहीच बोलत नाही, आणि तेच मला जास्त लागतंय. मला राग आलाय, पण त्या रागाला कायद्याचा आधार आहे का ते कळत नाही. नियम सगळ्यांना सारखाच होता, हे तर खरंच आहे. मग ह्याला भेदभाव म्हणता येतं का? आणि कंपनी खासगी आहे. मूलभूत हक्क तिथे चालतात का?

सह्यवारा

वाईट वाटलं वाचून. तो मेल जपून ठेवा. काही झालं तरी पुसू नका.

रोखठोक

मी स्पष्ट लिहितो, राग मानू नका. तुमच्या भावाबद्दल मला सहानुभूती आहे. पण खासगी कंपनी स्वतःच्या पैशांवर चालते, कुणाला घ्यायचं ते तिने ठरवावं. राज्यघटनेचं कलम १४ (समानता) आणि १५(१) (भेदभावबंदी) सरकारला बांधतं, दुकानदाराला किंवा कारखानदाराला नाही. मी स्वतः छोटं वर्कशॉप चालवतो, आठ माणसं आहेत. प्रत्येकाच्या अडचणीनुसार पद्धत बदलत बसलो तर माल कधी निघणार? आणि उद्या ऑफिसात फोन वाजला तर तो उचलणार कोण?

अबोली_१

फोन उचलणं हा त्या कामाचा भाग आहे असं जाहिरातीत लिहिलं होतं का? सगळं तिथेच अडलंय असं मला वाटतं.

निर्झरा

अबोली, आत्ता पुन्हा वाचली जाहिरात. बिलं आणि नोंदी पडताळणे, एक्सेल, इंग्रजीत अहवाल लिहिणे. फोन हा शब्दसुद्धा नाही.

पाटीपुस्तक

मी प्राथमिक शाळेत शिकवते, त्यामुळे मला कायदा आठवण्याआधी गोष्टच आठवली. कोल्हा आणि करकोचा. कोल्ह्याने करकोच्याला जेवायला बोलावलं आणि पसरट ताटलीत वाढलं. दोघांना सारखीच ताटली, सारखंच वाढप. कोल्ह्याने चाटूनपुसून खाल्लं, करकोच्याची चोच नुसती आपटत राहिली. दुसरीतल्या मुलांना मी विचारते, कोल्हा खोटं बोलला का? नाही. कमी वाढलं का? नाही. तरी करकोचा उपाशी का राहिला? मुलं एका दमात सांगतात, "ताटली चुकीची होती." कंपनीने तुमच्या भावापुढे ताटली ठेवली आहे.

कलमदान

पाटीपुस्तक, तुम्हाला कल्पना नसेल, पण तुम्ही आत्ता अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा युक्तिवाद मांडलात! १९७१ चा ग्रिग्ज विरुद्ध ड्यूक पॉवर खटला. वीज कंपनीने चांगल्या पगाराच्या विभागांत जायला हायस्कूलचं प्रमाणपत्र आणि लेखी चाचण्या अशी अट घातली होती. अट सगळ्यांना एकच. पण वर्णभेदी शाळांमध्ये शिकलेले कृष्णवर्णीय कामगार त्या अटीत मोठ्या प्रमाणात गळत होते, आणि त्या चाचण्यांचा प्रत्यक्ष कामाशी संबंध आहे हे कंपनीला दाखवता आलं नाही. न्यायालयाने निकालपत्रात चक्क हीच कोल्हा-करकोच्याची गोष्ट वापरली आहे: दूध सगळ्यांपुढे ठेवलं एवढं पुरत नाही, भांडंही सगळ्यांना वापरता येईल असं हवं.

आता आपल्याकडे. मी वकिली करतो, मुख्यतः नोकरीविषयक प्रकरणं. सविस्तर लिहितो, कारण निर्झराताईंनी प्रश्न अगदी नेमका विचारलाय.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २५ मार्च २०२१ रोजी नितीशा विरुद्ध भारत सरकार ह्या निकालात अप्रत्यक्ष भेदभावाची संकल्पना नीट मांडली आणि त्यात ग्रिग्जचाही आधार घेतला. प्रकरण लष्करातल्या महिला अधिकाऱ्यांचं. कायम कमिशनसाठी, म्हणजे निवृत्तीपर्यंत लष्करात राहता यावं अशा नेमणुकीसाठी, वैद्यकीय निकष कागदावर पुरुषांना आणि स्त्रियांना सारखाच. पण पुरुषांची ती तपासणी नोकरीच्या पाचव्या किंवा दहाव्या वर्षी, तरुण वयात झाली होती. स्त्रियांना कायम कमिशनच वर्षानुवर्षं नाकारलं गेल्यामुळे त्यांना तोच निकष चाळिशीच्या पुढे लावला गेला. न्यायालयाने म्हटलं की नियमामागचा हेतू शुद्ध होता की नाही, एवढंच बघून चालणार नाही. त्याचा परिणाम कुणावर कसा होतो ते बघायचं.

त्यामुळे "सगळ्यांना एकच नियम" हे उत्तर कायद्याला पुरत नाही. भेदभाव आहे का, हा प्रश्न तिथून पुढे सुरू होतो.

तुमच्या भावाच्या बाबतीत तर ह्याहून सोपा रस्ता आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६, जो १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याच्या कलम २ मध्ये भेदभावाची व्याख्या करतानाच लिहिलंय की वाजवी सोय नाकारणं हासुद्धा भेदभाव. वाजवी सोय म्हणजे त्या माणसाला इतरांच्या बरोबरीने हक्क वापरता यावा म्हणून केलेला आवश्यक तो बदल, मात्र समोरच्यावर अवाजवी बोजा पडता कामा नये. फोनऐवजी चॅट ह्याला खर्च किती? शून्य. बोजा किती? तुम्हीच ठरवा.

कलम ३(३) म्हणतं की दिव्यांगत्वाच्या कारणावरून भेदभाव करता येणार नाही, अपवाद एकच: ती कृती रास्त उद्दिष्टासाठी होती आणि त्या उद्दिष्टाच्या प्रमाणात होती, हे दाखवून द्यावं लागेल. दाखवायचं कुणी? ज्याने नाकारलं त्याने.

रोखठोक

कलमदान, खासगी कंपनीचं काय ते तुम्ही सांगितलं नाहीत.

कलमदान

सांगतो, आणि ह्यात तुमचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. ह्या कायद्यातलं नोकरीतल्या भेदभावाबद्दलचं कलम २० फक्त सरकारी आस्थापनांबद्दल बोलतं. तिथे खासगीचं नाव नाही, आणि ती मोठी उणीव आहे असं माझं मत आहे. चार टक्के आरक्षणही सरकारी आस्थापनांपुरतंच. पण कलम ३ कुठल्याही एका क्षेत्रापुरतं नाही. कलम २१ प्रमाणे प्रत्येक आस्थापनेने, म्हणजे खासगीनेसुद्धा, समान संधी धोरण जाहीर करायचं असतं. आणि २०१७ च्या नियमांमधला नियम ३ सगळ्यांत कामाचा. वीस किंवा जास्त माणसं असलेल्या खासगी आस्थापनेच्या प्रमुखाकडे दिव्यांग व्यक्तीने भेदभावाची तक्रार केली, तर त्याच्यापुढे दोनच मार्ग: कायद्याप्रमाणे कारवाई करा, नाहीतर हा निर्णय रास्त उद्दिष्टासाठी आणि प्रमाणात कसा होता ते तक्रारदाराला लेखी कळवा. "आमची प्रक्रिया समान आहे" हे त्यात बसत नाही. वाजवी सोयीचा खर्च त्या माणसाच्या माथी मारायचा नाही, हेही त्याच नियमात आहे.

तुमच्या वर्कशॉपात आठ माणसं आहेत, म्हणजे नियम ३ मधली ही लेखी उत्तराची सक्ती तुमच्यावर नाही. कायद्याने लहान माणसाचा विचार केलेला आहे.

रोखठोक

हे मला माहीत नव्हतं. अवाजवी बोजाची मर्यादा आणि वीसची अट दोन्ही असतील तर माझा बराच विरोध गळून पडतो. फोनचा प्रश्न अजून आहे, पण जाहिरातीतच नसेल तर तोही फार ताणत नाही.

ताम्हणफूल

मी भरती विभागात पंधरा वर्षं आहे. हे लिहायला जड जातंय, पण लिहिते. निर्झराला आलं तसं उत्तर मीही एकदा पाठवलेलं आहे. तोतरेपणा असलेला एक मुलगा होता, त्याने गटचर्चेऐवजी एकट्याची मुलाखत मागितली होती. मी तयार नमुन्यातलं वाक्य चिकटवलं आणि पुढच्या अर्जाकडे गेले. मनात द्वेष बिलकुल नव्हता. भीती होती. एकाला वेगळं केलं तर दुसरा विचारेल, वरिष्ठ विचारतील, लेखापरीक्षणात प्रश्न येईल. समान प्रक्रिया ही आमची ढाल असते.

नंतर एका प्रशिक्षणात आम्हाला एकच प्रश्न शिकवला गेला, आणि मी तो माझ्या टेबलावर लिहून ठेवलाय: ह्या फेरीत आपण नेमकं काय मोजतोय? गटचर्चेत मी विचार मोजत होते की बोलण्याचा वेग? फोनच्या मुलाखतीत भाषेची समज मोजायची असेल तर ती चॅटवर तितकीच मोजता येते. ऐकण्याची क्षमता मोजायची असेल तर कामाला ती लागते का, हे आधी सांगायला हवं.

निर्झरा, एक आतली गोष्ट सांगते. पहिलं उत्तर बहुतेक वेळा कनिष्ठ माणूस देतो. समान संधी धोरणात संपर्क अधिकारी नेमलेला असतो, वीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना तो नेमावाच लागतो. पत्र त्याच्या आणि आस्थापनाप्रमुखाच्या नावाने जाऊ दे. त्या मुलाचा पत्ता माझ्याकडे असता तर मी आज त्याला पत्र लिहिलं असतं.

गुलबकावली

ताम्हणफूल, हे इथे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार.

निर्झरा, सरळ मानवाधिकार आयोगाकडे तक्रार का नाही करत? मानवी हक्कांचंच तर उल्लंघन आहे.

कलमदान

गुलबकावली, पुष्कळांना असंच वाटतं, म्हणून खुलासा करतो. मानवी हक्क संरक्षण कायदा १९९३ चा. त्याखाली राष्ट्रीय आणि राज्य आयोग बघतात ते मुख्यतः लोकसेवकांनी केलेलं उल्लंघन, किंवा उल्लंघन रोखण्यात त्यांनी केलेली हयगय. पोलीस कोठडी, सरकारी रुग्णालय, तुरुंग अशी प्रकरणं. खासगी कंपनीने मुलाखत नाकारली हे तिथे सहसा टिकत नाही. शिवाय घटनेपासून एक वर्षाच्या आत जावं लागतं, ही मुदत लोक हमखास चुकवतात.

ह्या प्रकरणात योग्य दार म्हणजे राज्याचे दिव्यांग आयुक्त. महाराष्ट्राचं आयुक्तालय पुण्यात आहे. नियम ३ प्रमाणे तक्रार साठ दिवसांत निकाली काढायची असते. आयुक्तांना समन्स काढणं, कागदपत्रं मागवणं ह्यासाठी दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. त्यांचा शेवटचा शब्द मात्र शिफारशीच्या स्वरूपात असतो, आणि संबंधितांनी तीन महिन्यांत काय केलं ते कळवायचं असतं. कायदा मोडल्याबद्दल कलम ८९ खाली पहिल्या वेळी दहा हजारांपर्यंत दंड, पुढच्या वेळी पन्नास हजार ते पाच लाख. मोठ्या कंपनीला दहा हजार म्हणजे काहीच नाही, हे मीही मान्य करतो. पण आयुक्तांच्या नोटिशीवर उत्तर लिहायला बसल्यावर पहिल्यांदा कुणीतरी विचार करतं, आणि बरीच प्रकरणं तिथेच मिटतात असा माझा अनुभव आहे.

पेन्शनर_काका

मी मुंबईत चाळीस वर्षं नोकरी केली, युनियनचं थोडंफार काम केलं. दोन जुनी मुंबईची प्रकरणं सांगतो, तरुणांना माहीत असावीत.

एक मॅकिनन मॅकेन्झी विरुद्ध ऑड्रे डिकोस्टा, १९८७. खासगी कंपनीच, बरं का रोखठोक. स्त्री लघुलेखकांना पुरुष लघुलेखकांपेक्षा कमी पगार होता. कंपनीचं म्हणणं, ह्या अधिकाऱ्यांच्या खासगी लघुलेखिका आहेत, त्यांचं काम वेगळं. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, काम तेच किंवा त्याच तऱ्हेचं असेल तर दामही तेच. कंपनीला परवडत नाही ही सबब चालणार नाही. तेव्हा आधार होता १९७६ च्या समान वेतन कायद्याचा. म्हणजे घटना थेट लागू होत नसली तरी संसद कायदा करून खासगी मालकाला बांधू शकते, आणि बांधलेलं आहे.

दुसरं माझ्या मनाला फार लागलेलं. १९९७, मुंबई उच्च न्यायालय. खटल्याचं नाव एमएक्स विरुद्ध झेडवाय. पूर्ण नावं नाहीत, नुसती अक्षरं. एका सार्वजनिक उपक्रमात हंगामी काम करणारा मजूर. कायम करायच्या वेळी रक्त तपासलं, एचआयव्ही निघाला, काम बंद. माणूस धडधाकट होता, काम करत होता. न्यायालयाने म्हटलं की तो काम करायला सक्षम असेल आणि इतरांना धोका नसेल तर नुसत्या एचआयव्हीच्या कारणावरून त्याला काढता येणार नाही. आणि त्याची ओळख गुप्त ठेवून खटला लढायची परवानगी दिली. त्या काळी नाव छापून आलं असतं तर नोकरी मिळूनही त्या माणसाला शेजाऱ्यांत राहता आलं नसतं. नंतर २०१७ मध्ये एचआयव्ही आणि एड्सविषयी कायदा झाला, तो खासगी मालकालाही लागू आहे. कायदा यायला वीस वर्षं लागली, पण सुरुवात त्या अनाम मजुराने केली.

सायली_भाडेकरू

अवांतर होतंय, पण विचारतेच. घर भाड्याने देताना जे चालतं त्याचं काय? मला आडनाव विचारून तीन वेळा नकार मिळालाय, माझ्या मुस्लिम मैत्रिणीला तर मोजणं सोडून द्यावं लागलं. एजंट तोंडावर सांगतात. ह्याला कुठला कायदा?

कलमदान

सायली, अवांतर अजिबात नाही. दुर्दैवाने उत्तर समाधानकारक नाही. भारतात सगळ्या प्रकारच्या भेदभावाला पुरून उरेल असा एकच सर्वंकष कायदा नाही. सोळाव्या लोकसभेत शशी थरूर यांनी तसं खासगी विधेयक मांडलं होतं, ते मंजूर झालं नाही. त्यामुळे आपल्याकडे आहे ती ठिगळांची गोधडी. तृतीयपंथी व्यक्तींसाठीच्या २०१९ च्या कायद्यात घर भाड्याने घेण्यातला भेदभाव स्पष्ट निषिद्ध आहे. एचआयव्हीच्या कायद्यातही आहे. अस्पृश्यतेच्या कारणावरून कुठल्याही वस्तीत राहती जागा घेण्यात आडकाठी केली तर १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याखाली गुन्हा होतो. म्हणजे आडनाव विचारून जातीवरून नकार दिला असेल तर रस्ता आहे, पुरावा मिळवणं कठीण. धर्मावरून खासगी घरमालकाने नकार दिला तर थेट असा कायदा नाही. जिथे ठिगळ नाही तिथे थंडी वाजतेच.

सायली_भाडेकरू

हं. निदान कळलं तरी.

कोकणपुत्र

कलम १५(२) चा उल्लेख कुणी केला नाही अजून. दुकानं, उपाहारगृहं, विहिरी, तलाव, रस्ते अशा ठिकाणी धर्म, जात वगैरे कारणांवरून कुणालाही अडवायचं नाही. ह्या कलमाने नागरिकाला नागरिकाविरुद्ध हक्क दिलाय, फक्त सरकारविरुद्ध नाही. संविधान सभेत २९ नोव्हेंबर १९४८ ला दुकान म्हणजे काय असा प्रश्न आला, तेव्हा बाबासाहेबांनी उत्तर दिलं होतं की हा शब्द नुसता आत पाऊल टाकण्यापुरता नाही, जो कुणी आपली सेवा लोकांना देऊ करतो तो ह्यात येतो. पुढे २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ह्याच खुलाशाचा आधार घेऊन खासगी शिक्षणसंस्थेलाही ह्या कलमाच्या कक्षेत धरलं.

मी महाडचा. त्या कलमात तलाव आणि विहिरी हे शब्द वाचले की मला आमचं चवदार तळं दिसतं. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असं सांगणारा मुंबई विधिमंडळाचा बोले ठराव १९२३ चा. महाड नगरपालिकेने तळं सगळ्यांना खुलं केल्याचा ठराव त्यानंतर केला. तरी पाणी प्यायला २० मार्च १९२७ चा सत्याग्रह करावा लागला. कागदावरचा हक्क आणि ओंजळीतलं पाणी ह्यांच्यात तेवढं अंतर होतं. आणि पुढचा भाग लोकांना कमी माहीत असतो. सवर्णांपैकी काहींनी बाबासाहेबांवरच दिवाणी दावा लावला की हे तळं खासगी आहे आणि अस्पृश्यांना तिथे पाणी न घेऊ देण्याची फार पूर्वीपासूनची रूढी आहे. दहा वर्षं चालला. मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला की अशी अनादी रूढी वादींना सिद्ध करता आलेली नाही.

म्हणून कलमदानांचं ते वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं, दाखवायचं कुणी? पाण्याला हात लावू नका म्हणणाऱ्याने दाखवायचं. तहान लागलेल्याने नाही.

पाटीपुस्तक

कोकणपुत्र, उद्या वर्गात हे सांगणार आहे.

अबोली_१

+१. संयुक्त राष्ट्रांत भारताच्या प्रतिनिधी असलेल्या हंसा मेहतांची गोष्टही सांगा वर्गात. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात "सर्व पुरुष" असा अर्थ निघू शकेल अशी शब्दरचना होती. तिथे "सर्व मानव" असा बदल व्हावा म्हणून आग्रह धरणाऱ्या त्या. १० डिसेंबर १९४८ ला जाहीरनामा मंजूर झाला तो त्या बदलासकट. एका शब्दाने अर्ध्या जगाला आत घेतलं.

स्पर्शरेषा

उशिरा आले धाग्यावर. मी पूर्ण दृष्टिहीन आहे, स्क्रीन रीडरने (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरने) वाचते, त्यामुळे चर्चा ऐकत ऐकत इथवर पोचले.

निर्झराताई, तुमच्या भावाच्या गप्प बसण्याबद्दल लिहायचंय. मी परीक्षेला लेखनिक मागितला की दरवेळी समोरचा माणूस आधी प्रमाणपत्र बघायचा, मग माझ्याकडे, मग पुन्हा प्रमाणपत्राकडे. एकदा तर पर्यवेक्षकांनी सगळ्या वर्गासमोर विचारलं की लेखनिकच उत्तरं सांगत नाही कशावरून. त्या पेपरात मला येत असलेली दोन उत्तरं मी सांगितलीच नाहीत, कारण आवाज थरथरत होता. नंतर अनेक महिने मी काही मागितलंच नाही. मागणं हेच इतकं थकवणारं असतं. तुमचा भाऊ हरलाय म्हणून गप्प आहे असं समजू नका. थकला असेल.

मला बळ आलं ते विकास कुमार विरुद्ध यूपीएससी हा निकाल वाचून. फेब्रुवारी २०२१. त्या उमेदवाराला लिहिताना हाताला पेटके यायचे. किमान चाळीस टक्के दिव्यांगत्वाची अट पूर्ण होत नाही म्हणून लेखनिक नाकारला. न्यायालयाने सांगितलं, चाळीस टक्के ही अट आरक्षणासारख्या ठरावीक लाभांसाठी आहे. वाजवी सोय मिळण्यासाठी ती लावता येत नाही. सोय म्हणजे मेहेरबानी नाही, समानतेचाच भाग आहे. आणि ३ मार्च २०२५ ला दृष्टिहीनांना न्यायिक सेवेतून वगळणारा मध्य प्रदेशातला नियम रद्द झाला, त्या दिवशी मी आईला फोन करून रडले.

एक विनंती: पत्र भावाच्या सहीने जाऊ द्या. तुम्ही मसुदा करा, सोबत बसा, पण मागणारा तो असू द्या.

निर्झरा

स्पर्शरेषा, तुमचा प्रतिसाद मी त्याला दाखवला. दोनदा वाचला त्याने. मग म्हणाला, "पत्र मी लिहितो. तू फक्त शुद्धलेखन बघ."

सह्यवारा

वा! वाट बघतोय.

रोखठोक

कळवा काय होतं ते. माझ्याकडे पॅकिंगला एक जागा निघतेय पुढच्या महिन्यात. जाहिरातीत "ठळक आवाज, चपळ" असं दरवेळी लिहितो, आज पहिल्यांदा विचार केला की पॅकिंगला आवाज कशाला लागतो. ते काढून टाकतोय.

निर्झरा

सगळ्यांना अपडेट. पत्र गेलं त्याच्या नवव्या दिवशी उत्तर आलं, ह्या वेळी संपर्क अधिकाऱ्यांकडून. पहिल्या मेलबद्दल दिलगिरी व्यक्त केली आहे आणि मुलाखत व्हिडिओवर सबटायटल लावून, सोबत चॅट उघडा ठेवून घेणार आहेत. गुरुवारी अकरा वाजता. निवड होईल न होईल, पण तो काल रात्री दोन वाजेपर्यंत तयारी करत होता. आईने आज श्रवणयंत्राचे नवीन सेल आणून ठेवलेत.

पत्राचा फोटो इथे जोडतेय, कुणाला उपयोग झाला तर.

गुलबकावली

किती छान! फोटो जतन करून ठेवला. माझ्या भाच्यासाठी लागणार आहे.

कलमदान

उत्तम मसुदा. तिसरा परिच्छेद तर मी माझ्या कामातही वापरेन, भावाची परवानगी असेल तर.

स्पर्शरेषा

खूप आनंद झाला! पण फोटो माझ्या स्क्रीन रीडरला वाचता येत नाही, "चित्र" एवढंच ऐकू येतं. मजकूर टंकून द्याल का?

निर्झरा

अरे हो! माझ्या लक्षातच आलं नाही, क्षमा करा. टंकून देतेय. कंपनीचं आणि त्याचं नाव काढलंय. कलमदान, परवानगी आहे, आनंदाने.

मा. आस्थापनाप्रमुख आणि मा. संपर्क अधिकारी यांस,

आपल्या डेटा तपासणी पदाच्या लेखी परीक्षेत मी उत्तीर्ण झालो आहे. मी कर्णबधिर असून माझे यूडीआयडी कार्ड (दिव्यांगत्वाचे ओळखपत्र) सोबत जोडले आहे. मला फोनवरील संभाषण ऐकू येत नाही. त्यामुळे मुलाखत प्रत्यक्ष, लेखी चॅटवर किंवा सबटायटलसह व्हिडिओवर घ्यावी, अशी विनंती मी केली होती. ती नाकारल्याचा आपला मेलही सोबत आहे.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ नुसार वाजवी सोय नाकारणे हा भेदभाव आहे. मी मागितलेल्या बदलाला खर्च नाही. पदाच्या जाहिरातीत फोनवरील कामाचा उल्लेख नाही.

मला प्रश्न सोपे नकोत, गुण जास्त नकोत, वेळही जास्त नको. प्रश्न माझ्यापर्यंत पोचावेत, एवढेच मागतो आहे. उत्तरे चुकली तर ती माझी असतील.

विनंती मान्य करता येत नसेल, तर २०१७ च्या नियमांतील नियम ३ प्रमाणे त्याचे कारण मला लेखी द्यावे, तसेच कलम २१ खालील आपल्या समान संधी धोरणाची प्रतही द्यावी.

कळावे.